पंपापाशी मी काय म्हणालो

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोला सांगायची गरज नव्हती, ती तिथंच होती. बाकी कुणाला सांगायची हिंमत नव्हती. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा वय झालं म्हणून. आता चार पावलं चाललं तरी दम लागतो — आणि दम लागला की मला नेमकं तेच आठवतं.

थांबा. मुळापासून सांगतो. नाहीतर मी पुन्हा मला सोयीचं तेवढंच सांगीन. ती सवय मला फार वर्षं लागलेली आहे.

मी फौजेत नर्सिंग असिस्टंट होतो. म्हणजे डॉक्टर नव्हे; पण जखमी जवानापाशी डॉक्टरच्या आधी पोचणारा माणूस. एकाहत्तरच्या लढाईनंतर पेन्शनीवर गावी आलो. गाव इस्लामपूरच्या बाजूला, उसाच्या पट्ट्यातलं. जवळच्या साखर कारखान्याच्या दवाखान्यात मला लगेच काम मिळालं. तिथले डॉक्टर तरुण होते आणि त्यांना एकाच गोष्टीनं झपाटलं होतं — माणूस पडतो तिथपासून दवाखान्याच्या दारापर्यंत त्याचं काय होतं? दारात आल्यावर काय करायचं ते पुस्तकात होतं. येईपर्यंतचं कुणी विचारत नव्हतं. म्हणून डॉक्टर पेशंट घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला समोर बसवून विचारायचे. कुणी उचललं? कसं उचललं? वाटेत काय पाजलं?

उत्तरं ऐकून ते डोक्याला हात लावायचे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात तांब्याभर पाणी ओतलेलं असायचं. नाकाशी कांदा धरलेला, नाहीतर पायताण. पाठ मोडलेल्याला बैलगाडीत टेकवून बसवून आणलेला. आपली माणसं अपघातातनं वाचतात आणि मदतीत मरतात, असं ते म्हणायचे.

मग त्यांनी शिकवायचं ठरवलं. ट्रॅक्टरवाले, मुकादम, ऊसतोडीच्या टोळ्या, कारखान्यातले फिटर — आणि शिकवायला मी. श्वास थांबलेल्याला श्वास द्यायची जुनी रीत मला फौजेत शिकवलेली होती : पालथं घालायचं, पाठ दाबायची, कोपरं उचलायची. डॉक्टरांनी बाहेरच्या देशांतला नवा अभ्यास वाचला होता. ती रीत सोडून द्या, ते म्हणाले, तोंडाला तोंड लावून सरळ फुंका; हवा त्यानंच जाते.

पण फुंकायचं कशावर? विलायती पुतळा आम्हाला कोण देणार? तेव्हा मी घरी बसून एक बाहुला केला. पोत्याचं अंग, आत उसाचं पाचट भरलेलं, छातीत फुटबॉलचा ब्लॅडर, आणि तोंडापासून ब्लॅडरपर्यंत सायकलच्या ट्यूबचा तुकडा. डोकं नीट मागं वाकवलं नाही तर ट्यूब दुमडायची आणि छाती वर यायची नाही — अगदी माणसासारखंच. टोळीतल्या पोरांनी त्याचं नाव गणपा ठेवलं. शिवणकाम सगळं इंदूनं, माझ्या बायकोनं केलं. दर आठवड्याला ब्लॅडर कुठंतरी सुटायचा. पंक्चरच्या सोल्यूशननं तीच तो चिकटवायची आणि हवा राहते का हे बघायला तीच फुंकायची. मी तेव्हा बाजेवर बसून उद्या वर्गात काय बोलायचं याची उजळणी करत असायचो.

मी चांगलं शिकवायचो, हे खोटं नाही. एका हंगामानं डॉक्टरांनी सगळ्यांची पुन्हा परीक्षा घेतली. ज्यांनी नुसतं ऐकलं होतं ते विसरले होते, ज्यांनी गणपाच्या छातीत हवा भरली होती त्यांना येत होतं. डॉक्टर हरखून गेले. मीही.

एका वर्गात ट्रॅक्टरवाल्या एका पोरानं मागनं विचारलं, "आन बाईमाणूस आसलं तर, मेजर?" — मी मेजर कधीच नव्हतो, फौजेतनं आलेल्या सगळ्यांनाच ते मेजर म्हणत. सगळा वर्ग हसला. मी हसलो नाही. मी म्हणालो, श्वास थांबला की ती कुणाची बायको नसते, कुणाची बहीण नसते, ती फक्त पेशंट असते. ज्याला लाज वाटत असेल त्यानं वर्गातनं उठून जावं. कुणी उठलं नाही. माझं ते बोलणं गावोगाव पसरलं. मलाच ऐकायला मिळायचं, कुणाकुणाच्या तोंडून.

आता बघा — मी आलो ना जवळ? आणि आता मला इथनं वळून दुसरंच काहीतरी सांगावंसं वाटतंय. डॉक्टरांबद्दल अजून थोडं. फौजेतलं एखादं. नको.

माझा धाकटा भाऊ वसंत. तोही फौजेत, त्या दिवसांत तिकडं वर सरहद्दीला. त्याची बायको शालन आमच्याकडंच असायची. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. तुम्हाला आमच्याकडची रीत माहीत असेल, नसेल — थोरला दीर समोर आला की धाकट्या भावाच्या बायकोनं पदर पुढं ओढून बाजूला व्हायचं. मी पाणी मागायचं तरी ते भिंतीकडं बघून, आणि तिनं तांब्या ठेवायचा तो उंबऱ्यावर. हातात हात लागता कामा नये. एका घरात राहून मी तिचा चेहरा धड पाहिलेला नव्हता. ह्यात कुणी कुणावर जुलूम करत होतं असं आम्हाला वाटत नव्हतं. असंच असतं, एवढंच.

उन्हाळा होता. दुपारी लाइट आली होती आणि उसाला पाणी द्यायचं होतं. शालन मोटर चालू करायला पुढं गेली. मी आणि इंदू भाकरीचं गठुळं घेऊन मागनं बांधावरून येत होतो. किंचाळी वगैरे काही ऐकू आली नाही. पंपाच्या खोपीपाशी आलो तर ती दाराशी पडलेली, हात अजून स्टार्टरच्या वायरीला, खाली सगळा चिखल.

पहिलं काम मी बरोबर केलं. तिला हात न लावता आधी खांबावरचा मेन ओढला. मग तिला वायरीपासून बाजूला घेतलं — काठीनं. लाइट बंद झाली होती. काठीची गरज नव्हती. तरी मी काठी घेतली.

ती उताणी झाली. पदर बाजूला गेलेला. ओठ निळे पडलेले. छाती हलत नव्हती. मी गुडघ्यावर बसलो आणि तिच्या मनगटाला दोन बोटं लावली — न लावल्यासारखी. मला नाडी लागली नाही. ती खरंच नव्हती का? नाडी मानेला बघायची असते, हे मी किती जणांना शिकवलं होतं! मानेला मी हात लावला नाही. बोटं काढून घेतली. उसाच्या पलीकडनं माणसांचे आवाज येत होते. कुणीतरी तिला पडताना बघितलं असावं; ती माणसं पळत येत होती. ती इथं पोचतील आणि काय बघतील? वसंताच्या बायकोच्या तोंडावर माझं तोंड.

मी उठून उभा राहिलो आणि इंदूला म्हणालो, "गेली. तोंडावर पदर घाल तिच्या."

हे मी म्हणालो.

घाबरून म्हणालो, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलं. पण लढाईत मी घाबरलेलो आहे, घाबरणं मला माहीत आहे, आणि हे ते नव्हतं. ती मेलेली असावी असं मला वाटत होतं. तिच्याशी माझं वैर होतं का? अजिबात नाही. ती मेलेली असली की मला तिला शिवावं लागणार नव्हतं, एवढ्यासाठीच. एका जिवंत माणसाला मी तेवढ्या कारणासाठी मेलेलं ठरवलं. फौजेत मी रक्तानं भरलेली तोंडं बोटं घालून साफ केलेली आहेत — तेव्हा मला कसली शिसारी आली नव्हती.

इंदूनं पदर घातला नाही. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "सरा तिकडं." आणि मी सरलो.

तिनं शालनची हनुवटी वर केली, नाक चिमटीत धरलं आणि फुंकलं. मग पुन्हा. छाती वर आली, खाली गेली. पुन्हा वर आली. मी बघत उभा होतो. आणि माणसांची पावलं अगदी बांधापाशी आली, तेव्हा — हे सांगायला सगळ्यांत जड जातंय — तेव्हा मी मोठ्यानं बोलायला लागलो. हां, डोकं मागं. नाक सोडू नको. आता दम घे. फुंक. जे ती आधीच करत होती तेच मी तिला करायला सांगत होतो. येणाऱ्यांनी बघितलं ते एवढंच : मेजर रीत पाळून बाजूला उभे आहेत आणि बायकोकडनं हुकमानं करून घेताहेत.

शालन खोकली. घशातनं घरघर झाली आणि तिनं श्वास घेतला. इंदू मागं सरकून चिखलात तशीच बसली.

कारखान्याची जीप आली. डॉक्टरांनी बघितलं आणि तिला पुढं सांगलीला मोठ्या दवाखान्यात हलवलं. तळहात भाजला होता, तेवढंच. थोड्या दिवसांनी ती घरी आली, पदर पुढं ओढून, आणि उंबऱ्यावर माझ्यासाठी पाण्याचा तांब्या ठेवला.

डॉक्टर घरी आले होते. ते इंदूला विचारायला आले होते — काय केलं, आधी काय, मग काय. इंदू तोंड उघडायच्या आत मी सांगायला लागलो. मी असं सांगितलं, मग तिनं तसं केलं. इंदूनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि चहा टाकायला आत गेली. डॉक्टरांना हे फार मोलाचं वाटलं. ज्याला हात लावता येत नाही त्यानं नुसतं सांगून दुसऱ्याकडनं करून घ्यायचं — खेड्यात हीच शिकवण चालेल, ते म्हणाले, आणि बायकांचे वर्ग लगेच सुरू करायला हवेत. ते सुरू झाले, आणि चांगले चालले.

साताऱ्याला डॉक्टर-नर्सांची एक बैठक होती. तिथं ते मला घेऊन गेले. मी उभा राहिलो आणि सगळी हकिकत सांगितली. टाळ्या पडल्या. एक म्हातारे डॉक्टर उठून माझा हात हातात घेऊन म्हणाले, असं प्रसंगावधान हवं. मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

घरी येऊन इंदूला सांगितलं, लोक किती खूश झाले ते. ती भाकरी थापत होती. तिनं हात थांबवले नाहीत. एवढंच म्हणाली, "तुमाला भ्या वाटलं तर वाटलं. मानसाला वाटतं. पन तुमी सांगितलं तवा मी केलं, आसं का सांगत फिरताय?"

तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. माझ्याकडनं उत्तर यायचं नाही, हे तिनं ओळखलं असणार.

मग मी मेढ्याला शिकवायला गेलो, औंधला गेलो, आणखी कुठं कुठं गेलो. प्रत्येक वर्गात पंपाची गोष्ट सांगितली. सांगून सांगून ती गुळगुळीत झाली. आधी नव्हते ते शब्द तिच्यात आले — मी इंदूला धीर दिला, मी म्हणालो घाबरू नकोस. औंधच्या वर्गात एक बाई म्हणाल्या, आवं, मग तुमच्या मालकिणीलाच आणा की शिकवायला, आम्हाला त्यांच्याकडनं बरं शिकता येईल. मी म्हणालो, तिला चारचौघांत बोलायला येत नाही. पटकन, जराही न अडखळता म्हणालो. इंदू ओढ्यावर धुणं धुता धुता सगळ्या आळीला हसवणारी बाई होती.

आणि वसंत? तो रजेवर आला तो ट्रंक खाली ठेवायच्या आधी माझ्या पायावर पडला. "दादा, माजा संसार तुज्यामुळं हाय," म्हणाला. सहा फुटी जवान, आणि रडत होता. मी त्याला उठवलं. सांगायचं होतं तर तीच वेळ होती. इंदू दारात उभी होती. मी म्हणालो, "ऊठ गड्या, घरचंच हाय की."

पुढं त्याला पोरं झाली, पोरांना पोरं झाली. शालननं आजवर चुलीवरची पहिली भाकरी माझ्या ताटात वाढली. मी ती खाल्ली.

परवा तिच्या नातवाचं बारसं होतं. आता कसला पदर आणि कसलं काय. आम्ही सगळे एका खोलीत बसलो होतो. कुणीतरी पाहुण्यानं जुनं काही विचारलं आणि शालन हौसेनं सांगायला लागली — भावजींनी मला जीव दिला, नाहीतर हे पोर कुठलं! इंदू घुगऱ्या वाटत होती. ती ते ऐकत पुढं सरकत होती, एकेकाच्या हातावर घुगऱ्या ठेवत. माझ्यापाशी आली, माझ्याही हातावर ठेवल्या, आणि पुढच्याकडं गेली. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. तिथं काहीच नव्हतं. तिनं ते कधीच सोडून दिलं होतं. मला ते बघवलं नाही.

म्हणून हे लिहायला बसलो. इथपर्यंत लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. म्हटलं, हा काय प्रकार चाललाय? तुम्हाला आधी सांगायचं आणि घरात जिला सांगायला हवं ती स्वयंपाकघरात? पुन्हा आपलं बाहेरच्यांपुढंच उभं राहायचं?

उठलो. वसंताला आणि शालनला पडवीत बोलावलं. इंदू तिथंच सुपात भुईमुगाच्या शेंगा घेऊन बसली होती. मी उभं राहूनच सांगितलं. काठीपासून सांगितलं. पदर घाल म्हणालो तेही त्याच शब्दांत सांगितलं. पावलं ऐकून मोठ्यानं बोललो तेही. गोष्ट अगदी थोड्यात संपली. इतकी वर्षं मला वाटत होतं, ती सांगायला मला दिवस पुरणार नाही.

वसंतानं टोपी घातली आणि बाहेर गेला. त्याला अडवायचा मला काय हक्क होता? शालन माझ्याकडं वळली. मग म्हणाली, "माज्या तोंडातनं आक्काला कवा उपकाराचा एक शबूद गेला न्हाई, भावजी. इतक्या वर्सांत एकदा बी न्हाई." तिनं आवाज चढवला नाही. माझ्याकडं पाठ करून ती इंदूपुढं बसली आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. इंदू गडबडली. "ऊठ गं, दाणं सांडतील सगळं," म्हणाली. पण तिनं हात शालनच्या डोक्यावर ठेवला होता आणि तो तिनं लवकर काढला नाही.

मी बाजेवर बसलो. तुम्हाला खरं सांगू? मला हलकं वाटत होतं. तसं वाटायला नको होतं कदाचित — माझ्या भावाचं काहीतरी मोडलं होतं आणि मला हलकं वाटत होतं. पण मी आता काही सजवून सांगणार नाही. वाटलं ते वाटलं.

वसंत दिवस कलल्यावर परत आला. माझ्याशेजारी न बसता समोर बसला. जेवताना म्हणाला, उद्या दवाखान्यात जायचं हाय नव्हं तुला, गाडी सांगतो. बास. दादा म्हणाला नाही. शालननं पहिली भाकरी इंदूच्या ताटात वाढली.

जेवणं झाल्यावर दोघी पडवीत बसल्या, आणि शालन म्हणाली, आक्का, मला सांग, काय झालं त्ये. इंदू आधी नको नको म्हणाली. मग सांगायला लागली — स्वतःच्या तोंडानं, पहिल्यांदाच. मी बाहेर बाजेवर होतो, मला सगळं ऐकू येत होतं. मी शंभरदा सांगितलेली ती गोष्ट, आणि त्यातलं मला निम्मं माहीत नव्हतं. तिच्या बांगड्या आड येत होत्या म्हणून तिनं त्या वर सारल्या. पहिल्या फुंकीला छाती वर आलीच नाही. हवा गालातनंच परत आली. आपलं काहीतरी चुकतंय, आपल्या हातनं ही मरतीय, असं तिला वाटलं.

"तवा मी ह्यांच्याकडं बघितलं," इंदू म्हणाली. "म्हनलं, काय चुकलं सांगतील. तर हे वाटंकडं बघत व्हतं, कोन येतंय म्हनून."

खरं आहे. मी वाटेकडं बघत होतो.

इंदू पुढं सांगत राहिली. मध्येच दोघी कशाला तरी हसल्या. मी ऐकत होतो, आणि मधे एकदाही बोललो नाही.